श्वसनक्षमता चाचणी : संख्या घटली, खर्च वाढला, असे का?

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एखाद्या विभागाची सविस्तर माहिती देण्याची प्रथा आहे. यंदा त्यासाठी श्वसनक्षमता चाचणी, म्हणजेच स्पायरोमेट्री, हा विषय घेतला आहे. खरे सांगायचे तर तो मी निवडलेला नाही, माझ्यावर सोपविला गेला. अर्थसमितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, "या चाचण्यांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा खाली आली आहे आणि याच सदराखालचा खर्च मात्र वर गेला आहे. हे कसे?" प्रश्न रास्त होता. बैठकीत मी दिलेले उत्तर त्रोटक होते. ते विस्ताराने लिहून देणगीदारांसमोर व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर ठेवावे, असे मंडळाने सुचविले, त्यानुसार हा लेख.

आरंभीच नमूद करतो, की मी वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि नोकरीची बहुतेक वर्षे किर्द-खतावणीत गेलेली. पुढे जे लिहिले आहे ते आपल्या छातीविकारतज्ज्ञांनी व तंत्रज्ञ भगिनींनी मला समजावून सांगितले, आणि मी शंका काढून काढून त्यांना भंडावले, त्यातून आलेले आहे.

स्पायरोमीटर हे यंत्र नवीन नाही. लंडनमधील डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये ते वैद्यकीय जगासमोर ठेवले. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला, उंचीप्रमाणे फुफ्फुसांची क्षमता वाढते हे दाखवून दिले, आणि आयुर्विम्याच्या कामी हे मोजमाप उपयोगी पडेल असेही सुचविले. विम्याचा उल्लेख ऐकून माझ्यासारख्याची उत्सुकता वाढली, हे कबूल केले पाहिजे. मात्र श्वास एकूण किती सुटतो एवढ्यावरून आजार कळत नाही, तो किती वेगाने सुटतो हेही पाहावे लागते. पहिल्या एका सेकंदातील हवा मोजण्याची कल्पना फ्रान्समध्ये तिफनो यांनी १९४७ मध्ये मांडली, आणि आजची चाचणी त्यावरच उभी आहे.

चाचणीत मुख्यतः दोन आकडे मिळतात. छाती पूर्ण भरून घेऊन, जोर लावून, शेवटपर्यंत सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. त्यांपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. दुसऱ्याला पहिल्याने भागले की गुणोत्तर मिळते. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हवा अडत अडत बाहेर येते, पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो आणि गुणोत्तर खाली जाते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पुन्हा चाचणी केल्यावरही ते ०.७० च्या खाली राहिले, तर सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गातील कायमच्या अडथळ्याचा आजार, असल्याचे निदान करण्याकडे डॉक्टरांचा कल होतो, अर्थात रुग्णाचा इतिहास त्याला जुळत असेल तर. याउलट गुणोत्तर ठीक पण एकूण हवाच कमी, असे दिसले तर फुफ्फुसे पुरती फुलत नसावीत, अशी शंका येते. या दुसऱ्या प्रकारास डॉक्टर 'रिस्ट्रिक्शन' म्हणतात. ती शंकाच असते. तिची खात्री करण्यास मोठ्या ठिकाणी होणारी वेगळी चाचणी लागते.

इथवर सारे सोपे आहे. अडचण पुढे आहे. रक्ताची तपासणी करताना रुग्णाने हात पुढे केला की त्याचे काम संपते. क्ष-किरण चित्र काढताना क्षणभर श्वास रोखला की पुरे. स्पायरोमेट्रीत मात्र मोजायची वस्तू रुग्णाने स्वतः निर्माण करावयाची असते. त्याने छाती काठोकाठ भरली नाही, क्षणभर चाचरत सुरुवात केली, मध्येच खोकला, ओठांच्या कडेने हवा निसटली किंवा दम लागला म्हणून लवकर थांबला, तर यंत्र तक्रार करतेच असे नाही. जे मिळेल ते मोजून, दशांश चिन्हासह, नीटनेटका कागद काढून देते.

आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट तंत्रज्ञ भगिनींच्या ध्यानात आली, ती मला विशेष वाटली. जन्मभर फुंकणीने चूल पेटविलेल्या बाईस "फुंका" म्हटले की ती गाल फुगवून, ओठ आवळून, हळुवार, लांबवर पुरणारी फुंक घालते. जाळ भडकायला तीच हवी असते. या चाचणीला हवा असतो पहिल्याच क्षणी बांध फुटावा तसा लोंढा, आणि नंतर शेवटचा थेंब निघेपर्यंतचा नेट. म्हणून आता "फुंका" हा शब्दच वापरत नाहीत. "आजी, छाती भरून श्वास घ्या, अजून, अजून थोडा, आणि सोडा एकदम! सोडत राहा, सोडत राहा, सोडत राहा," असे त्या अक्षरशः ओरडतात. बाहेर बाकावर बसलेल्यांना आत भांडण चालले आहे असे वाटते. आधी त्या स्वतः करून दाखवितात. कमरेला आवळून बांधलेले लुगडे सैल करायला सांगतात. वयस्कर स्त्रियांना जोर लावताना कपडे ओले होण्याची भीती असते आणि त्या ते बोलून दाखवीत नाहीत. म्हणून चाचणीपूर्वी प्रसाधनगृहात जाऊन येण्यास सांगणे, हाही आता पद्धतीचा भाग झाला आहे.

चूक झाली तर काय होते, हे मला एका उदाहरणाने पटले. हिशेबाच्या भाषेतले असल्याने ते येथे देतो. समजा, एका गृहस्थांची खरी एफव्हीसी ३.०० लिटर आणि एफईव्ही-१ १.८० लिटर आहे. गुणोत्तर ०.६०, म्हणजे अडथळा स्पष्ट आहे. अरुंद नलिकांतून उरलेली हवा निघायला अशा माणसास बरेच सेकंद लागतात. पण ते तिसऱ्या सेकंदालाच थांबले. तोवर २.४० लिटर हवा निघाली होती. यंत्राने २.४० हीच एकूण हवा धरली. भाजक लहान झाला, गुणोत्तर ०.७५ आले आणि अडथळा कागदावरून नाहीसा झाला. शिवाय वय व उंचीनुसार ३.२० लिटर अपेक्षित असताना २.४० भरले, म्हणून यंत्राने रिस्ट्रिक्शनचा शेरा मारला. असलेला आजार पुसला गेला आणि नसलेला लिहिला गेला. उलटही होते. २.८० पैकी २.२४ लिटर हवा पहिल्या सेकंदात सोडू शकणाऱ्या निरोगी माणसाने बिचकत सुरुवात केली आणि १.८२ च भरले, तर गुणोत्तर ०.८० ऐवजी ०.६५ येते आणि त्याच्या हाती विनाकारण कायमचा इनहेलर पडू शकतो.

आता जे सांगावयाचे ते लिहिताना संकोच होतो, परंतु ते टाळणे योग्य होणार नाही.

शेजारच्या तालुक्यातील एक साठीच्या बाई मुलासह आपल्या छातीविकार बाह्यरुग्ण विभागात आल्या. पिशवीत कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. त्यांना चढावर धाप लागत असे, पहाटे खोकल्याची उबळ येत असे. एका शिबिरात त्यांची श्वसनक्षमता चाचणी झाली होती आणि चिठ्ठीवर रिस्ट्रिक्शनचा शेरा होता. त्या शेऱ्यापायी कुटुंबाने शहरात जाऊन सीटी स्कॅन केला, पुन्हा केला, दोन ठिकाणी तज्ज्ञांची फी भरली. पीककर्जातील काही रक्कम त्यात गेली, असे मुलाने सांगितले. फुफ्फुसांत शेऱ्यास जुळणारे काही निघाले नाही आणि धाप होती तशीच राहिली. आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेऊन एकच विचारले, "आलेख कोठे आहे?" आलेख नव्हता. होते ते फक्त आकडे. चाचणी पुन्हा केली. पहिले चार प्रयत्न वाया गेले, त्यानंतरचे जमले. अडथळा निर्विवाद दिसला. बाईंनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. चाळीस वर्षे चुलीचा धूर मात्र घेतला आहे. त्यांना इनहेलर सुरू झाला, तो घेण्याची रीत शिकविली गेली, आणि काही महिन्यांनी त्या एकट्या एस.टी.ने तपासणीस आल्या.

ते शिबिर अन्य कोणाचे नव्हते, आपलेच होते. देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलेले, समोर रांग, प्रत्येकास एक प्रयत्न आणि एक चिठ्ठी. त्या दिवशी किती चाचण्या झाल्या याचा आकडा आपण मागील अहवालात अभिमानाने छापला होता. तो तक्ता मीच तयार केला होता.

त्यानंतर डॉक्टर व तंत्रज्ञांनी जुन्या नोंदी काढून काही संध्याकाळ दफ्तरखान्यात घालविल्या. ज्यांवर विसंबता येईल असे कागद अपवादानेच निघाले. बहुतेक ठिकाणी एकाच प्रयत्नाचे आकडे होते, आलेख नव्हता, त्यामुळे निष्कर्ष बरोबर होता की चूक हेही ठरविता येईना. व्हाउचर नसलेली खर्चाची नोंद लेखापरीक्षक जशी बाजूला काढतात, तशी ती सारी बाजूला काढावी लागली.

हा दोष आपल्यापुरता नाही, याने समाधान मानण्यासारखे काही नाही, तरी माहितीसाठी सांगतो. न्यूझीलंडमधील तीस प्राथमिक दवाखान्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील डॉक्टर-परिचारिकांनी केलेल्या चाचण्यांपैकी सर्व निकषांस उतरलेल्या चाचण्या, प्रशिक्षण न घेतलेल्या गटात अवघ्या ३.४ टक्के होत्या. कार्यशाळेत प्रशिक्षण घेतलेल्या गटातही हे प्रमाण १३.५ टक्क्यांवरच थांबले. सर्वांत मोठा दोष कोणता? पुरेसा वेळ श्वास सोडायला न लावणे. याच्या विरुद्ध बाजूस नेदरलँड्सचे उदाहरण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, प्रशिक्षित फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतील मोजमाप मोठ्या प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या बरेच जवळ आले. गावपातळीवर ही चाचणी नीट होऊ शकते, एवढे त्यावरून निश्चित झाले आणि हा विभाग बंद करावा की काय, हा प्रश्न आमच्यापुरता मिटला.

तो मिटणे महत्त्वाचे होते, कारण गरज वाढतेच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मधील २ कोटी ८१ लाखांवरून २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली. त्यांतील पुष्कळांची पहिली गाठ पडते ती गावच्या डॉक्टरांशी.

अहवाल वर्षात आम्ही काय बदलले, ते आता सांगतो. खर्च येथेच झाला आहे.

दररोज सकाळी पहिल्या रुग्णापूर्वी यंत्राची पडताळणी होते. तीन लिटरची एक मोठी सिरिंज असते. तिची हवा यंत्रात सोडायची आणि यंत्र २.९१ ते ३.०९ लिटरच्या दरम्यान आकडा दाखविते का ते पाहावयाचे. न दाखविल्यास त्या दिवशी चाचणी नाही. किराणा दुकानदाराची वजने वजनमाप खाते तपासते, त्यातलाच हा प्रकार. आपले यंत्र आले तेव्हा ही सिरिंज सोबत घेतली गेली नव्हती. दरपत्रकात ती 'ऐच्छिक' सदरात होती, आणि काटकसर म्हणून ती ओळ खोडणारी सही माझी होती. आता सिरिंज यंत्राशेजारीच ठेवलेली असते, म्हणजे दोहोंचे तापमान एक राहते, आणि पडताळणीची वही रोज भरली जाते. ती वही मी आठवड्यातून एकदा पाहतो. माझ्या आवाक्यातले ते एवढेच काम आहे.

प्रत्येक रुग्णाचे किमान तीन निर्दोष प्रयत्न व्हावेत आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंत १५० मिलीलिटरहून अधिक तफावत नसावी, असा अमेरिकन व युरोपीय श्वसनविकार संघटनांचा २०१९ चा संयुक्त दंडक आहे. मोठ्या माणसांस साधारणतः आठाहून अधिक प्रयत्न करावयास लावू नयेत, असेही त्यात आहे. तो आम्ही स्वीकारला. निकालासोबत आलेख छापला जातो आणि चाचणी कितपत विश्वसनीय आहे याची प्रतही लिहिली जाते. 'ए' म्हणजे पूर्ण विश्वसनीय, तेथून उतरत 'एफ' म्हणजे ग्राह्य काहीच नाही. चाचणी नीट झाली नाही, असे स्वच्छ लिहून रुग्णास पुन्हा बोलाविणे, याला धाडस लागते. रुग्ण नाराज होतो, पाठविणारे डॉक्टर फोन करतात. पण चुकीच्या आकड्यापेक्षा कोरा कागद बरा, यावर आमचे छातीविकारतज्ज्ञ ठाम आहेत आणि त्यांना पाठिंबा देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

औषध देण्यापूर्वी एकदा आणि औषधानंतर सुमारे पंधरा मिनिटे थांबून पुन्हा एकदा, अशी पूर्ण चाचणी होण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. पूर्वी तेवढ्यात आम्ही दहा जण उरकत होतो. प्रत्येक रुग्णामागे जंतुरोधक फिल्टर नवा असतो आणि वापरून टाकून दिला जातो. २०२० मध्ये कोविडच्या साथीत ही चाचणी बहुतेक ठिकाणी थांबवावी लागली होती. त्यानंतर याबाबत तडजोड नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या रुग्णाची थुंकी आधी क्षयरोगासाठी तपासली जाते, मगच त्यास या खोलीत घेतले जाते. आणि शिबिरांतील स्पायरोमेट्री आपण बंद केली आहे. शिबिरात प्रश्नावलीवरून संशयित रुग्ण निवडून त्यांना तारीख देऊन रुग्णालयात बोलाविले जाते. संख्या घटली ती यामुळे.

आकडे अचूक आले, तरी त्यांचा अर्थ लावताना आणखी एक खाचखळगा आहे. यंत्र रुग्णाची तुलना 'अपेक्षित' आकड्याशी करते. पण अपेक्षित कोणाच्या मानाने? यंत्राच्या आत निरनिराळ्या देशांतील निरोगी लोकांवरून काढलेली सूत्रे भरलेली असतात, आणि कोणते सूत्र वापरावे हे बसविताना निवडावे लागते. युरोपीय लोकांचे सूत्र तसेच ठेवले, तर धडधाकट भारतीय माणूसही कमी भरतो. पश्चिम भारतातील निरोगी लोकांवरून मुंबईत डॉ. फारोख उडवाडिया व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आपले मापदंड प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये अनेक देशांतील मोजमापे एकत्र करून जागतिक सूत्रे आली, परंतु त्यांत भारतीय उपखंडाची माहिती पुरेशी नव्हती. अलीकडे वंशभेद न करता सर्वांस एकच सूत्र लावावे, असा विचार पुढे आला आहे. यावर तज्ज्ञांत चर्चा चालू आहे आणि तीत पडण्याचा मला अधिकार नाही. आपल्या यंत्रात नेमके कोणते सूत्र चालू होते, हे वर्षानुवर्षे आपल्यापैकी कोणासच ठाऊक नव्हते, हे मात्र मी सांगू शकतो. आता ते प्रत्येक निकालावर छापले जाते. त्यामुळे रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला, तरी तेथील डॉक्टरांना तुलना करता येते.

०.७० ही सीमारेषाही सर्व वयांना सारखी बसत नाही. वयोमानाने हे गुणोत्तर आपोआप उतरते, म्हणून ऐंशीच्या घरातील निरोगी आजोबा रेषेखाली जाऊ शकतात आणि तिशीतला आजारी तरुण तिच्यावर राहू शकतो. म्हणून डॉक्टर वयानुसार बदलणारी किमान मर्यादाही पाहतात. दम्याच्या रुग्णाचे तर बरे वाटत असलेल्या दिवशी सर्व आकडे उत्तम येऊ शकतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग औषध कशाला?" असे कुटुंबीय विचारतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

देणगीदारांना एक विनंती. याच वर्षी एका उदार कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दुसरे स्पायरोमीटर देऊ केले. आम्ही संकोचाने सांगितले, की आम्हास दुसरे यंत्र नको. दुसऱ्या तंत्रज्ञाचे वेतन, वर्षभराचे फिल्टर आणि आसपासच्या गावांतील डॉक्टर व परिचारिकांसाठी दर तिमाहीस एक कार्यशाळा, एवढे हवे आहे. प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही, हात व कान उतरतात. फिल्टरवर नामफलक लावता येत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. त्या कुटुंबाने दोन दिवस विचार करून होकार दिला आणि दुसऱ्या तंत्रज्ञ भगिनी रुजू झाल्या. कार्यशाळांचा खर्च मात्र अद्याप सर्वसाधारण निधीतून होत आहे.

ज्यांची चाचणी आपल्या शिबिरांत झाली होती, त्यांपैकी पत्ते उपलब्ध असलेल्या सर्वांना पत्रे पाठविली आहेत. पत्र न मिळालेल्यांनीही जुनी चिठ्ठी घेऊन यावे. फेरचाचणीस शुल्क नाही, केसपेपरही काढावा लागणार नाही. येताना सैल कपडे घालावेत, दोन तास आधीपासून भरपेट जेवू नये, किमान तासभर विडी-सिगारेट ओढू नये. घट्ट बसणारी कवळी काढू नये. चालू औषधे व इनहेलर सोबत आणावेत, परंतु कोणते औषध कधी थांबवावयाचे हे आधी डॉक्टरांस विचारावे, आपल्या मनाने थांबवू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असल्यास किंवा डोळ्यांची, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास ते खोलीत शिरण्यापूर्वीच सांगावे. खोली तळमजल्यावर, औषध वितरण खिडकीच्या डाव्या हाताला आहे. आतून आरडाओरडा ऐकू आला तर घाबरू नये.